वळण कुणाला, नियम कुणासाठी?

(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात ‘खेळ, बाई आणि बातमी’ या सत्रात झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



या सत्रात मी टेनिसबद्दल बोलणार आहे हे कळल्यावर काही जणींनी विचारलं, की पाणी, रेशन, पोटगी, कामाच्या जागी होणारा छळ एवढं सगळं समोर असताना हा श्रीमंतांचा खेळ कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

बाई आणि पुरुष एकाच ठिकाणी, एकाच आठवड्यात, जवळजवळ एकाच नियमपुस्तकाखाली काम करतात असे धंदे फार थोडे. कारखान्यात बाईला वेगळं खातं देतात, शेतावर वेगळं काम देतात आणि मग म्हणतात, तुलना कशी करणार? टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांत ही पळवाट नाही. शिवाय तिथली प्रत्येक ताकीद, प्रत्येक दंड लिहून ठेवलेला असतो आणि कॅमेऱ्यात टिपलेला असतो. घरात बाईला दिवसातून किती वेळा गप्प बसवलं याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. इथे सापडते. म्हणून हा खेळ आपल्या कामाचा.

आपल्याकडे ‘मुलीला वळण हवं’ असं म्हणतात. वळण म्हणजे काय, तर आवाज चढवू नये, कपडे नीट असावेत, राग गिळावा आणि विचारलं की हसून उत्तर द्यावं. मुलाला वळण नसलं तर तो ‘व्रात्य’. मुलीला नसलं तर आईचा उद्धार. जगातल्या सर्वांत जास्त पैसे मिळवणाऱ्या खेळाडू बायकाही या चार गोष्टींतून सुटलेल्या नाहीत, हे आज मला मांडायचं आहे.

रागापासून सुरुवात करू. ८ सप्टेंबर २०१८, न्यूयॉर्क, अमेरिकन ओपनची अंतिम फेरी. एका बाजूला सेरेना विल्यम्स, बाळंतपणानंतर वर्षभरानं चोविसाव्या मोठ्या विजेतेपदासाठी उतरलेली. दुसऱ्या बाजूला वीस वर्षांची नाओमी ओसाका. पहिला सेट ओसाकानं ६-२ असा घेतला होता. दुसऱ्या सेटमध्ये पंच कार्लोस रामोस यांनी सेरेनाला ताकीद दिली, कारण प्रेक्षकांतून तिचा कोच हातानं खुणा करत होता. मी लबाडी करत नाही, असं ती त्यांना परोपरीनं सांगत राहिली. पुढे तिनं रॅकेट आपटून मोडली, तेव्हा एक गुण गेला. मग तिनं पंचांना ‘चोर’ म्हटलं, तेव्हा पुरा गेम गेला. धावफलक ४-३ वरून खेळ न होताच ५-३ झाला. ओसाका ६-२, ६-४ अशी जिंकली. बक्षीस समारंभात प्रेक्षक हुर्यो करत होते आणि जिंकलेली मुलगी डोळ्यांवर टोपी ओढून रडत होती. सेरेनानंच लोकांना ओरडा थांबवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला एकूण १७ हजार डॉलर दंड झाला. कोचनं खुणा केल्याचं सामन्यानंतर कबूल केलं, पण तिनं त्या पाहिल्या नसाव्यात असंही तो म्हणाला.

यावर जगभर वाद झाला आणि आपल्यातही झाला. बिली जीन किंग यांनी सेरेनाची बाजू घेतली. बाई रागावली तर तिला हिस्टेरिकल ठरवतात, पुरुष रागावला तर तो स्पष्टवक्ता ठरतो, असं त्यांचं म्हणणं. मार्टिना नवरातिलोवा यांनी वेगळी भूमिका मांडली. दुहेरी मापदंड आहे हे मान्य, पण पुरुषांना जे खपवून दिलं जातं ते आम्हालाही खपवून द्या, ही मागणी योग्य नव्हे, असं त्यांनी लिहिलं. दोघीही आयुष्यभर बायकांच्या हक्कांसाठी झगडलेल्या आहेत. म्हणून या मतभेदाकडे नीट पाहिलं पाहिजे.

आकडे काय सांगतात? सामन्यानंतर काही दिवसांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १९९८ ते २०१८ या काळातली चार मोठ्या स्पर्धांतली दंडाची यादी छापली. पुरुषांना १,५१७ वेळा दंड झाला होता, बायकांना ५३५ वेळा. रॅकेट मोडल्याबद्दल पुरुष ६४६, बायका ९९. शिवीगाळीबद्दल पुरुष ६२, बायका १६. हे आकडे घेऊन अनेकांनी टाळ्या पिटल्या: बघा, दंड तर पुरुषांनाच जास्त होतो!

पण आपण या गटात इतकी वर्षं काम करतो ते कशासाठी? पोलीस ठाण्यातल्या नोंदी मोजून गावात किती बायका मार खातात हे कळत नाही, हे आपल्याला अनुभवानं माहीत आहे. दंडाची यादी शिक्षा झालेल्यांची असते. किती जणांकडे काणाडोळा झाला ते ती सांगत नाही. शिवाय या स्पर्धांत पुरुषांचे सामने पाच सेटपर्यंत चालतात, बायकांचे तीन. त्यामुळे या आकड्यांवरून पंच बायकांवर अन्याय करतात असं सिद्ध होत नाही आणि करत नाहीत असंही होत नाही. एक आकडा मात्र उलटा आहे. कोचकडून मदत घेतल्याबद्दल पुरुषांना ८७ वेळा दंड झाला, बायकांना १५२ वेळा. याचं एक कारण असं असू शकेल, की बायकांच्या इतर स्पर्धांत काही वर्षं कोचला मैदानात बोलावण्याची मुभा होती आणि चार मोठ्या स्पर्धांत नव्हती. पण सेरेनाची पहिली ताकीद नेमकी याच कलमाखाली होती, हे लक्षात ठेवा.

आता गंमत ऐका. १ जानेवारी २०२५पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं प्रेक्षकांत बसलेल्या कोचला खेळाडूशी बोलायची परवानगी नियमातच दिली आहे. मोठ्या स्पर्धांतून ते प्रयोग म्हणून २०२२पासूनच सुरू झालं होतं. म्हणजे ज्या गोष्टीवरून एका बाईला जगासमोर लबाड ठरवलं गेलं, तो आज गुन्हाच नाही. नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. माणसंच तो करतात आणि माणसंच बदलतात. नियम दाखवून आपल्याला कुणी गप्प करू लागलं, की हे आठवावं.

माझं मत विचाराल तर त्या तिन्ही शिक्षा नियमपुस्तकात बसत होत्या, आणि याच पंचांनी पुरुषांतल्या बड्या खेळाडूंनाही ताकिदी दिलेल्या आहेत. मात्र नियमाला धरून वागलेला पंचही तारतम्य वापरू शकतो. ‘आता पुरे, पुढच्या शब्दाला गेम जाईल,’ एवढं बजावायला काय हरकत होती? हा सैलपणा कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, खरा प्रश्न तिथे आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या बाजूच्या लोकांनाही ऐकायला आवडत नाही. २००९ साली याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सेरेनानं एका रेषापंचाला अतिशय वाईट शब्दांत धमकावलं होतं. सर्व्हिस करताना रेषेवर पाय पडला, एवढंच त्या रेषापंचानं सांगितलं होतं. ती रेषापंचही बाई होती आणि आपलं काम करत होती. सेरेनाला तेव्हा ८२ हजार ५०० डॉलर दंड झाला आणि पुढची दोन वर्षं तिच्या वागणुकीवर नजर राहिली. ते योग्यच झालं. २०२० साली नोवाक जोकोविचनं चिडून मागे मारलेला चेंडू एका रेषापंच बाईच्या गळ्यावर बसला. त्याला स्पर्धेतून बाद केलं, तेही योग्यच. पण त्यानंतर त्याच्या चाहत्यांनी समाजमाध्यमांवर त्या बाईलाच शिव्या घातल्या. तिच्या बाजूनं उभं राहा, असं खुद्द जोकोविचला चाहत्यांना सांगावं लागलं. मोठ्या माणसाचा राग सोसायचं काम अखेर कुणाच्या वाट्याला येतं ते बघा: कमी पगारावर रेषेपाशी उभ्या असलेल्या बाईच्या. म्हणून ‘आम्हालाही ओरडू द्या’ ही आपली मागणी असू शकत नाही. जो चुकेल त्याला सारखीच शिक्षा, आणि शिक्षेपलीकडे त्याच्या बाईपणाची चिरफाड नको, ही आपली मागणी.

चिरफाड होते ती वर्तमानपत्रांत. जॉन मॅकेन्रो हे पंचांवर ओरडण्यासाठीच प्रसिद्ध होते. १९९० साली ऑस्ट्रेलियन ओपनमधून त्यांना गैरवर्तनाबद्दल बादही केलं गेलं. पण पुढे त्यांचा तो रागच जाहिरातींत विकला गेला. लोक कौतुकानं त्यांच्या नकला करत. सेरेनाचं काय झालं? मेलबर्नच्या एका वृत्तपत्रानं तिचं व्यंगचित्र काढलं: जाड ओठांची, अवाढव्य, थयथयाट करणारी काळी बाई, आणि समोर ओसाकाच्या जागी नाजूक, सोनेरी केसांची मुलगी. ओसाकाची आई जपानी आणि वडील हैतीचे, पण चित्रकाराला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या प्रेस कौन्सिलनं २०१९ साली हे चित्र आचारसंहितेचा भंग करत नाही असा निर्वाळा दिला. म्हणजे रॅकेट मोडणं नियमात बसत नाही, पण बाईची अब्रू मोडणं बसतं.

आता कपडे. १९४९ साली विम्बल्डनला गसी मोरन ही खेळाडू स्कर्टच्या आत लेस लावलेली चड्डी घालून उतरली, तर फोटोवाले तिचे फोटो घेण्यासाठी जमिनीवर आडवे पडले. बेअब्रू कुणाची झाली? तिची. फोटोवाल्यांना कुणी वळण शिकवलं नाही. २०१८ साली फ्रेंच ओपनमध्ये सेरेनानं अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घातला. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला, म्हणून तो घातल्याचं तिनं सांगितलं. फ्रेंच महासंघाचे अध्यक्ष म्हणाले, असा पोशाख यापुढे चालणार नाही, खेळाचा आणि जागेचा मान राखला पाहिजे. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये फ्रान्सची आलिझे कॉर्ने उन्हाच्या विश्रांतीनंतर घाईत टी-शर्ट उलटा घालून आली. लक्षात आल्यावर तिनं तो पटकन मैदानातच काढून सुलटा केला. आत स्पोर्ट्स ब्रा होती. तिला ताकीद मिळाली! पुरुष खेळाडू दर विश्रांतीला उघडे बसून शर्ट बदलतात. दुसऱ्या दिवशी आयोजकांनी खेद व्यक्त केला आणि नियम स्पष्ट केला.

वर्ष संपायच्या आत बायकांच्या टेनिस संघटनेनं लेगिंग्ज घालून खेळायला स्पष्ट मुभा दिली. बाळंतपणानंतर परत येणाऱ्या खेळाडूचं मानांकन तीन वर्षं राखून ठेवण्याची तरतूदही केली. विम्बल्डनचा पांढऱ्या कपड्यांचा नियम तर इतका कडक, की आतले कपडेही पांढरेच हवेत. पाळीच्या दिवसांत त्या पोशाखात खेळण्याची भीती काय असते हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. खेळाडू त्याबद्दल उघडपणे बोलू लागल्या तेव्हा २०२३पासून बायकांना आत गडद रंगाची चड्डी घालायची परवानगी मिळाली. पाळी हा शब्द मोठ्यानं उच्चारला गेला म्हणून नियम बदलला. आपल्याच चळवळीचा हा धडा आहे.

आवाजाचंही तेच. १९९२ साली विम्बल्डनमध्ये मोनिका सेलेस चेंडू मारताना ओरडते, अशी तक्रार प्रतिस्पर्धी खेळाडूंनी केली. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी तिचा आवाज यंत्रानं मोजायला सुरुवात केली. अंतिम सामना ती जवळजवळ मुक्यानं खेळली आणि ६-२, ६-१ अशी हरली. स्टेफी ग्राफ त्या दिवशी सुंदर खेळली हे खरंच. पण अठरा वर्षांच्या मुलीला श्वास कसा सोडावा याचा विचार करत खेळावं लागलं, हेही खरं. जिमी कॉनर्सही चेंडू मारताना आवाज करायचे. त्याला जिगर म्हणत.

आणि उत्तरं. २०१३ साली मारियों बार्तोली विम्बल्डन जिंकली त्या दिवशी बीबीसीचा निवेदक तिच्या रूपावर बोलला. बीबीसीला माफी मागावी लागली. २०१५ साली ऑस्ट्रेलियात जिंकलेल्या युजेनी बुशारला मैदानावरच ‘एक गिरकी घेऊन पोशाख दाखव’ असं सांगण्यात आलं. नदालला कुणी गिरकी घ्यायला सांगतं का?

२०२१ साली ओसाकानं जाहीर केलं, की फ्रेंच ओपनमध्ये मी पत्रकार परिषदा घेणार नाही, माझ्या मनावर त्याचा परिणाम होतो. पहिला सामना जिंकून ती पत्रकारांसमोर गेली नाही, तेव्हा १५ हजार डॉलर दंड झाला. चारही मोठ्या स्पर्धांनी एकत्र पत्रक काढून पुढे हकालपट्टी होऊ शकते असा इशारा दिला. दुसऱ्याच दिवशी तिनं माघार घेतली आणि २०१८च्या त्या अंतिम सामन्यापासून आपल्याला नैराश्याचे झटके येतात हे सांगितलं. जिंकलेल्या त्या रडणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं, हे तीन वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

मी सरसकट पत्रकारांच्या विरोधात नाही. १९७० साली पुरुषांना पहिलं बक्षीस साडेबारा हजार डॉलर आणि बायकांना दीड हजार, हे पाहून नऊ जणींनी त्या स्पर्धेकडे पाठ फिरवली. एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून त्यांनी ह्यूस्टनला स्वतःची स्पर्धा उभी केली. महासंघानं त्यांना निलंबित केलं. त्या काळात त्या स्वतः वर्तमानपत्रांकडे जात, मुलाखती देत. बातमी आली तरच प्रेक्षक येणार होते. १९७३ साली अमेरिकन ओपननं दोघांचं बक्षीस सारखं केलं. विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडलं. त्या वाटचालीत पत्रकारांचा, विशेषतः बाई पत्रकारांचा वाटा आहे. म्हणून उत्तर देण्याची जबाबदारी टाळू नये असं मला वाटतं. पण मन आजारी असेल तर रजा मिळाली पाहिजे. घोटा मुरगळला तर डॉक्टरचा कागद चालतो. मनाचं दुखणं म्हणजे थेरं, ही समजूत आपल्या घरांतून पॅरिसपर्यंत सारखीच दिसते.

आपल्या घरचं पाहू. १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई मुंबईची लीला राव, पंडिता क्षमा राव यांची कन्या. ही परंपरा आपण विसरलो. मुंबईत जन्मून हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाचं काय केलं ते तर ताजं आहे. २००५ साली एका धर्मगुरूनं तिच्या आखूड स्कर्टवर आक्षेप घेतला, आणि कोलकात्यात अठरा वर्षांच्या मुलीला बंदोबस्तात खेळावं लागलं. २००८ साली एका छायाचित्रात तिचे पाय तिरंग्याच्या दिशेला दिसले म्हणून तिच्यावर तक्रार गुदरली. खेळ सोडण्याचा विचार मनात आल्याचं तिनं सांगितलं आणि त्या वर्षी ती बंगळूरची स्पर्धा खेळली नाही. एकाला तिचं अंग उघडं वाटलं, दुसऱ्याला तिची देशभक्ती उणी वाटली. दोघांनीही तिचा बॅकहँड पाहिला नाही.

२०१२ साली ती महेश भूपतीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली होती. पण लंडन ऑलिंपिकसाठी टेनिस संघटनेनं तिची जोडी लिअँडर पेसशी लावली, कारण पुरुष खेळाडूंची आपसात भांडणं होती आणि कुणाचं तरी समाधान करायचं होतं. सानियानं तेव्हा जाहीर पत्रक काढून ठणकावलं, की एका नाराज ज्येष्ठ खेळाडूला शांत करण्यासाठी आमिष म्हणून माझा वापर झाला, आणि एकविसाव्या शतकातल्या भारतीय बाईला हे अपमानास्पद वाटतं. दोन भावांच्या वाटणीत बहिणीला न विचारता तिचं ठरवून टाकावं, तसंच हे. तिनं मात्र ते ऐकून घेतलं नाही. २०१६ साली दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर असताना एका नामवंत पत्रकारानं तिला दूरदर्शनसंचावर सगळ्यांसमक्ष विचारलं, संसारात स्थिर कधी होणार, मूल कधी? तिनं शांतपणे विचारलं, पहिल्या क्रमांकावर असणं म्हणजे स्थिर होणं नाही का? पत्रकारानं तिथेच माफी मागितली. चांगला प्रश्न असा असतो आणि चांगली माफीही अशी असते.

शेवटी ‘वळण’ या शब्दाकडे येते. २०२५च्या अमेरिकन ओपनमध्ये जेलेना ओस्टापेंको ही खेळाडू हरल्यावर प्रतिस्पर्धी टेलर टाउनसेंडला तोंडावर म्हणाली, की तुला शिक्षण नाही, तुझ्यात दर्जा नाही. नेटला लागून पडलेल्या चेंडूबद्दल टाउनसेंडनं माफी मागितली नाही, एवढंच निमित्त. टाउनसेंड काळी आहे. बहुसंख्य गोऱ्यांच्या खेळात काळ्या खेळाडूला बोलता येतील अशा सर्वांत वाईट गोष्टींपैकी ही एक, असं ओसाका म्हणाली. ओस्टापेंकोनं नंतर माफी मागितली. नेटच्या चेंडूवर माफी मागणं हा नियम नाही, रीत आहे. आणि रीत नेहमी कुणाच्या तरी घरची असते. ‘यांना संस्कार नाहीत’ हे वाक्य आपल्या शाळांत, नळावर, कचेरीत कुणी कुणाला उद्देशून म्हणतं, ते इथल्या दलित आणि कष्टकरी मैत्रिणींना मी सांगायची गरज नाही. एक बाईच दुसरीला वळण शिकवू लागते तेव्हा आपण जास्त सावध व्हायला हवं.

मग करायचं काय? घरी येणारं वर्तमानपत्र वाचताना खेळाच्या पानावर तीन गोष्टी तपासा. बाईच्या सामन्याची बातमी तिच्या खेळाबद्दल आहे, की कपड्यांबद्दल, नवऱ्याबद्दल, रडण्याबद्दल? तेच वागणं पुरुषाचं असतं तर कोणतं विशेषण लागलं असतं? आणि जो नियम सांगितला जातोय तो लिहिलेला आहे, की नुसतीच रीत आहे? खटकलं तर संपादकांना पोस्टकार्ड टाका, ईमेल करा, गटाच्या नावानं करा. तुमच्या शाळेत मुलींना खेळताना कोणत्या कपड्यांची सक्ती आहे, पाळीच्या दिवसांत त्या मैदानात येतात का, हे पुढच्या बैठकीला विचारून या. ते नियम विम्बल्डनच्या क्लबनं केलेले नाहीत. आपल्या गावच्या शाळा समितीनं केलेले आहेत, आणि त्या समितीत आपल्यातल्या दोघी-तिघी आहेतच.